पाच मिलिसेकंद, लायल्स आणि तुमचा स्टॉपवॉच

टोकियोत सप्टेंबर 2025 मध्ये ऑब्लिक सेव्हिलनं 100 मीटर 9.77 सेकंदांत मारलं. किशेन थॉम्पसन 0.05 सेकंदांनी मागे. हाच थॉम्पसन पॅरिस ऑलिम्पिकला नोहा लायल्सकडून फक्त 0.005 सेकंदांनी हरला होता. तिथला फोटोफिनिश कॅमेरा सेकंदाला 40,000 वेळा फक्त फिनिशची रेषा टिपतो, आणि बघतात ते धड. पाय आधी टेकला तरी उपयोग नाही. आपल्या फोनचा 30 एफपीएस व्हिडिओ 33 मिलिसेकंदांनी एक फ्रेम घेतो. त्यावर दोघं बरोबरीतच सुटले असते!

आता आमच्या ताडकळसचं बघा. पोलीस भरतीची पोरं मोबाईलच्या स्टॉपवॉचवर 100 मीटर मोजतात, कारण 11.50 च्या आत आलं की 15 पैकी 15. पण बोट उशिरा दाबलं जातं आणि वेळ कमी भरते. हाती घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडताना 0.24 सेकंद वाढवतात. म्हणजे तुमचे 11.4 खरं तर 11.64, पूर्ण गुण गेलेच की!

मी सांगेन, फोन फिनिशवर ठेवून 60 एफपीएसवर व्हिडिओ घ्या. टाळीवर सुटा. टाळी ऐकू येते तिथून धड रेषेवर येईपर्यंत मोजा आणि 0.29 मिळवा; 100 मीटर यायला आवाजाला साधारण तेवढाच वेळ लागतो.