वाट कामाची, वाटखर्च कोणाचा?

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने देशातील कचेऱ्यांची दारे एकामागून एक बंद होऊ लागली, तेव्हा संगणक-सेवा क्षेत्रातील अनेक कंपन्यांपुढे पहिली अडचण उभी राहिली ती यंत्रांची नव्हे, नियमांची. ग्राहकांची कामे दूरध्वनी आणि संगणकजाळ्यावरून करून देणाऱ्या या कंपन्या दूरसंचार विभागाच्या दप्तरी ‘इतर सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदलेल्या असत. आणि त्यांच्या कर्मचाऱ्याने घरी बसून काम करावयाचे तर पूर्वपरवानगी, करारनामा, अनामत ठेव अशा अटींची शिडी चढावी लागे. १३ मार्च २०२० रोजी विभागाने या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या, त्या सवलतीची मुदत वेळोवेळी वाढविली, आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीचे बंधनच काढून टाकले. जून २०२१ मध्ये आणखी काही बंधने सैल झाली. वर्षानुवर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते संकटाच्या रेट्याखाली काही महिन्यांत शक्य झाले.

परंतु कायद्याची बेडी गळून पडली म्हणजे वाट मोकळी झाली, असे मात्र नव्हे. कचेरीबाहेर बसलेल्या नोकराला कचेरीच्या संगणकजाळ्यात सुरक्षितपणे आणि विनाविलंब प्रवेश मिळावा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः तो तितकाच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. काम जेथे नेले जाते तेथपर्यंतची वाट कोणी बांधायची, तिची डागडुजी कोणी करायची आणि ती खचली तर नुकसान कोणी सोसायचे, हे ठरविल्यावाचून वाट सुधारत नाही, हा सार्वजनिक बांधकामाचा जुना अनुभव आहे. संगणकजाळे त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

हा प्रश्न साथीबरोबर सरला, असेही कोणी समजू नये. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून अधिक कर्मचारी कचेरीत असण्याची गरज उरणार नाही. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलाविले. लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. पण ज्यांचे काम मुळातच कचेरीबाहेर चालते, त्यांना परत बोलावणार कोठे? सातबाराच्या नोंदी आणि फेरफार संगणकावर करणारा तलाठी, गावातल्या ओट्यावर बसून पैसे देणारा-घेणारा बँकमित्र, बालकांचे वजन मोबाईलवर नोंदविणारी अंगणवाडी सेविका हे सारे ‘दूरस्थ कर्मचारी’च आहेत. हिंजवडीतील अभियंत्याचा प्रश्न वृत्तपत्रांत गाजला, मेळघाटातील सेविकेचा तितका गाजला नाही, एवढाच फरक.

ही वाट कोठे कोठे अडते, हे आधी पाहिले पाहिजे. घरून वा गावाहून कचेरीच्या जाळ्यात शिरण्याची रूढ पद्धत म्हणजे व्हीपीएन. सार्वजनिक इंटरनेटमधूनच कर्मचाऱ्याच्या यंत्रापासून कचेरीच्या यंत्रापर्यंत जणू एक बंदिस्त बोगदा खणला जातो आणि त्यातून जाणारा मजकूर सांकेतिक रूपात जातो. या बोगद्याचे कचेरीकडील दार बहुधा मूठभर फिरतीच्या नोकरांसाठी बांधलेले असते. सारी कचेरीच त्या दारातून आत येऊ लागली की तेथे गर्दी उसळते. पुष्कळदा व्यवस्था अशी असते की, कर्मचाऱ्याची चित्रसभादेखील आधी कचेरीत जाते आणि तेथून पुन्हा बाहेर पडते; म्हणजे नाशिकहून मालेगावला निघालेल्या माणसाने मुंबईमार्गे जावे, तसा हा प्रकार. गोपनीय दस्तऐवज तेवढे बोगद्यातून न्यावेत आणि इतर वाहतूक सरळ जाऊ द्यावी, एवढ्या साध्या फेररचनेनेही दारावरचा ताण पुष्कळ कमी होतो.

दुसरी अडचण वेगाची नसून विलंबाची आहे. जुन्या धाटणीच्या अनेक संगणकप्रणाली कचेरीतल्या कचेरीत वापरण्यासाठी घडविलेल्या असतात. एकेका नोंदीसाठी त्या मुख्य यंत्राला शेकडो लहान लहान प्रश्न विचारतात आणि एकाचे उत्तर आल्याशिवाय पुढचा विचारीत नाहीत. एका पत्रात दहा प्रश्न विचारण्याऐवजी दहा पत्रे पाठवावीत आणि प्रत्येकाच्या उत्तराची वाट पाहावी, असा हा व्यवहार. अशा ठिकाणी अधिक वेगाची जोडणी विकत घेऊन फारसे साधत नाही. प्रणालीच बदलावी लागते. तिसरी अडचण शेवटच्या टप्प्याची. एकाच मनोऱ्यावर गावभरचे मोबाईल अवलंबून असणे, वीज गेली की जोडणीही जाणे आणि माहिती खाली उतरविण्याच्या मानाने वर चढविण्याचा वेग तुटपुंजा असणे, हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कोणालाही नव्याने सांगावयास नको.

सुरक्षिततेचा मुद्दा येथे पुढे केला जातो आणि तो गैरलागू नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पोहोचविणारी कोलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद पडली. चोर शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या पण बंद करावयाच्या राहून गेलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी ओळखखूण नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली. या घटनेचा धडा, बाहेरच्यांना आत घेऊच नये, असा काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा होईल. गेलेल्या नोकराचे खाते त्याच दिवशी मिटवावे, प्रवेशासाठी दुहेरी ओळख मागावी आणि बोगद्यातून आला तो घरचाच असे न मानता प्रत्येक दालनाच्या दाराशी पुन्हा ओळख विचारावी, हा त्याचा खरा धडा आहे. यासाठी लागते ते नित्याचे, कंटाळवाणे व्यवस्थापन. त्याचा कंटाळा करणाऱ्या कचेऱ्या सुरक्षिततेच्या नावाखाली सरळ दारच लावून घेतात, आणि मग अडलेला नोकर शासकीय कागद खासगी ई-मेलने वा व्हॉट्सॲपवरून धाडू लागतो. बंद दाराने सुरक्षितता वाढत नाही. चोरवाटा तेवढ्या वाढतात.

प्रवेशातही उतरंड असते, ही गोष्ट लेखनिक वर्गाच्या ध्यानात केव्हाच आली असेल. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने मे २०२० मध्ये घरून कामाविषयी एक मसुदा सर्व मंत्रालयांकडे धाडला. ई-ऑफिसमध्ये व्हीपीएनद्वारे प्रवेशाची सोय तेव्हा मुख्यतः उपसचिव आणि त्यावरील अधिकाऱ्यांना होती. ती खालच्या पायरीपर्यंत न्यावी, यंत्रे मंत्रालयांनी पुरवावीत आणि इंटरनेटच्या खर्चाची भरपाई करण्याचा विचार व्हावा, असे त्यात सुचविले होते. सूचना रास्तच होती. पण फाईल ज्याच्या टिपणीने सुरू होते त्याला दार बंद आणि ज्याच्या सहीने ती संपते त्याला खुले, ही रचना इतकी वर्षे कोणालाही विसंगत वाटू नये, हे आपल्या कार्यालयीन संस्कृतीचे पुरेसे बोलके चित्र आहे.

आता खर्चाकडे वळू. घरी बसून काम ही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. सोलापूरच्या वस्त्यांतून बायका पिढ्यान्पिढ्या घरी विड्या वळत आल्या आहेत. कारखानदार तेंदूपान आणि तंबाखू मोजून देतो. पण सूप तिचे, कात्री तिची, दिवा तिचा आणि डोक्यावरचे छप्परही तिचेच. पान खराब निघाले तर विड्यांचा भरणा कमी पडतो आणि त्याची झळ तिच्याच मजुरीला लागते. कामाची जागा मालकाच्या भिंतीबाहेर गेली की उत्पादनाच्या खर्चाचा एक भाग मुकाट्याने कामगाराच्या घरखर्चात मिसळून जातो, हे अर्थशास्त्रातील साधे सत्य या विडीच्या सुपात दिसते. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले, ही म्हणूनच मोठी गोष्ट होती. संगणकाच्या पडद्यापुढे बसणाऱ्याचे शिक्षण अधिक आणि पगार बरा. पण जोडणीचे देयक, विजेचे देयक, खुर्ची, खोली आणि जाळे तुटल्यावर वाया गेलेला तास हे सारे त्याच्याच खाती पडत असेल, तर तत्त्व तेच.

याचे सर्वांत तीव्र रूप २०२१ मध्ये महाराष्ट्रात दिसले. अंगणवाडी सेविकांना शासनाने मोबाईल दिले होते. त्यांवर ‘पोषण ट्रॅकर’ या नव्या प्रणालीत रोजची माहिती भरावयाची होती. मोबाईल जुने झालेले, त्यांची स्मृतिक्षमता तोकडी, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर, आणि प्रणाली इंग्रजीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाईल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. यंत्राला विरोध म्हणून त्याची हेटाळणी करणारेही निघाले. पण ज्यांना वेतन नव्हे तर मानधन मिळते, त्यांनी शासनाच्या संगणकजाळ्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च पदरमोड करून सोसावा, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची होती. सेविकांनी मोबाईल परत केले, काम नव्हे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्याची दखल घेणे अवश्य आहे. घरून काम करणाऱ्याचा प्रवासाचा वेळ आणि पैसा वाचतो. मग जोडणीचा खर्च त्याने सोसला तर बिघडले कोठे? दूरस्थ कामाची कल्पना १९७३ मध्ये अमेरिकेत जॅक निल्स यांनी मांडली ती याच हिशेबावर: माणसांची वाहतूक करण्याऐवजी माहितीची करावी. हिशेब खोटा नाही. मात्र तो अपुरा आहे. कर्मचाऱ्याचे रेल्वेभाडे वाचते, तसे मालकाचे जागाभाडे, वीज आणि देखभालही वाचते. बचत दोघांची आणि नवा खर्च एकाचा, याला वाटणी म्हणत नाहीत. शिवाय तलाठ्याचा किंवा सेविकेचा प्रवास वाचतच नाही. त्यांच्या वाट्याला प्रवासही येतो आणि जोडणीही.

अन्य देशांनी या बाबतीत मौन सोडले आहे. स्पेनने सप्टेंबर २०२० मध्ये नियमित दूरस्थ कामाच्या साधनांचा आणि खर्चाचा भार मालकावर टाकला. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस तसाच कायदा करून कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क साधण्यावरही बंधन घातले. आपल्याकडे कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. केंद्राने २०२० च्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी काढलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख आला. पण ते मालकाच्या अटींवर सोपविलेले होते. वाटखर्चाचा प्रश्न तेथे अनुत्तरितच राहिला.

काय करता येईल? पहिली गोष्ट, काम सोपविणाऱ्यानेच कामाची वाट द्यावी, हे तत्त्व सेवानियमांत लिखित स्वरूपात यावे: यंत्र, जोडणी आणि दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी, मग तो मालक कंपनी असो वा शासन. दुसरी, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी घडविलेली प्रत्येक प्रणाली मराठीत असावी आणि जोडणी तुटलेली असतानाही चालावी. नोंद यंत्रात साठवावी आणि जाळे लाभताच ती आपोआप पुढे जावी. हे तंत्र नवे नाही आणि महागही नाही. तिसरी, मुख्य यंत्र किती तास बंद होते याचा हिशेब प्रत्येक खात्याने दरमहा प्रसिद्ध करावा आणि तो काळ कर्मचाऱ्याच्या कसुरीत धरू नये. आज ‘सर्व्हर बंद आहे’ या तीन शब्दांचा राग शेतकरी तलाठ्यावर काढतो. ज्याने यंत्र सांभाळावयाचे तो कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

चौथी गोष्ट शेवटच्या टप्प्याची. ग्रामपंचायतींपर्यंत तंतुवाहिनी नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला आणि वाहिनी एके ठिकाणी तुटली तरी गाव तुटू नये म्हणून ती कड्याच्या आकारात टाकण्याचे ठरले. पंचायतीच्या कपाटापर्यंत आलेली तार तेथेच थांबली, तर ती आकडेवारीपुरती उरेल. ती शाळेत, ग्रंथालयात, आरोग्य उपकेंद्रात नेऊन तेथे विजेच्या पर्यायी सोयीसह एकेक काम-खोली उभारली, तर सेविका, तलाठी, शिक्षक आणि शहरातली नोकरी गावातून करू पाहणारा तरुण या सर्वांना एकच वाट पुरेल.

गावाला रस्ता नसेल तर एस. टी. येत नाही म्हणून कोणी वाहकाला दंड करीत नाही. संगणकाच्या वाटेबाबत मात्र आपण नेमके तेच करीत आलो आहोत. कर्मचाऱ्याला दूर पाठविणाऱ्या व्यवस्थेने त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाटही स्वतःच्या खर्चाने बांधावी, एवढी साधी जबाबदारी तिने मान्य केली, तर पुढचे काम तंत्रज्ञ करू शकतील. ती मान्य होईपर्यंत कितीही वेगवान जोडणी आली, तरी तिचे देयक ज्याच्या खिशाला परवडत नाही, त्याच्याच दारात येऊन पडेल.