व्यापारचिन्हाची वसुली

व्यापारचिन्हाचा कायदा झाला तो गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून. आज जर्मनीत त्याच कायद्याच्या आधारे सामान्य माणसाकडून वसुली होऊ शकते, ही गोष्ट मालकी हक्काचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

समजा, तिकडच्या एखाद्या परिचारिकेने भेट मिळालेली नामांकित कंपनीची हातपिशवी इंटरनेटवर विकायला काढली. काही दिवसांत तिला वकिलाचे पत्र येते: तुम्ही चिन्हाचा भंग केला आहे, आठवड्याच्या आत हमीपत्रावर सही करा, पुन्हा असे घडल्यास दंड देण्याचे कबूल करा आणि या पत्राची फीही भरा. अशा पत्राला तेथे 'आबमानुंग' म्हणतात.

ही फी पिशवीच्या किमतीवर ठरत नाही. मालकाच्या हक्काचे जे मूल्य धरले जाते, त्यावर ती ठरते. ते ५०,००० युरो धरले की एका पत्राची फी दीड हजार युरोंच्या पुढे जाते. ती पत्र मिळालेल्याने का द्यावी? कायद्यातील मूळ युक्तिवाद असा की, पत्रामुळे त्याचा कोर्टाचा खर्च वाचला. म्हणजे वकिलाने एका परीने त्याचेच काम केले! ज्याच्यावर दरडावायचे, त्याच्याकडूनच दरडावण्याची मजुरी घ्यायची, असा हा न्याय आहे.

वास्तविक खऱ्या मालाच्या खाजगी विक्रीला कायद्याची आडकाठी नाही. मालकाने युरोपच्या बाजारात एकदा विकलेल्या वस्तूच्या पुढील विक्रीवर त्याचा हक्क सामान्यतः उरत नाही. शिवाय व्यापाराच्या ओघात न झालेल्या विक्रीविरुद्ध हा हक्क वापरता येत नाही, हे युरोपीय न्यायालयाने लॉरिआल विरुद्ध ईबे खटल्यात २०११ साली स्पष्ट केले. मात्र विक्रीची संख्या आणि वारंवारता पाहून खाजगी माणूसही व्यापारी ठरू शकतो. घर आवरताना चाळीस कपडे विकणारी बाई कोणत्या बाजूची? हे कोर्टात ठरवून घेण्याचा खर्च तिला झेपणारा नसतो. म्हणून हक्क असूनही ती सही करते. संदिग्धतेचा भार ज्याच्या खिशात कमी त्याच्यावर पडतो.

बनावट माल विकणाऱ्याला आवरलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण पत्र हेच उत्पन्नाचे साधन झाले, की वकिलाला बनावट आणि खऱ्यात फरक करण्याची निकड उरत नाही. प्रकाशनहक्काच्या बाबतीत जर्मन संसदेने २०१३ साली खाजगी व्यक्तीला आलेल्या पहिल्या पत्राचे मूल्य साधारणतः १,००० युरोंवर सीमित केले. व्यापारचिन्हाला ती मर्यादा लावलेली नाही.

आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात कलम १४२ आहे. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध दावा लावून मनाईहुकूम व नुकसानभरपाई मागता येते. मालकाने तत्परतेने भंगाचा दावा लावला तर मात्र हा मार्ग बंद होतो. चोरबाजारात वा जुन्या बाजारात जुना खरा माल विकून पोट भरणाऱ्याला हे कलम कोण सांगणार? ते काम कार्यकर्त्यांचे आहे.

मागणी साधी आहे. खाजगी विक्रेत्याला पहिले पत्र विनामूल्य असावे आणि चुकीच्या पत्राचा खर्च पाठवणाऱ्याने सोसावा. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याची सत्ता कायम राहणार असेल, तर घेणाऱ्याने नेमके काय विकत घेतले?