पेन्शन ही मेहेरबानी नव्हे



शिक्षकांच्या पेन्शनपायी तिजोरी रिकामी होते, हा एका वाचकाच्या पत्रातील मुद्दा मला मान्य नाही. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. तरीही महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या शिक्षकांच्या पगारातून दहा टक्के कापून त्यांचे म्हातारपण बाजारावर सोपवले गेले. मार्च २०२३ मध्ये पेन्शनसाठी शिक्षक-कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा सरकारने समिती नेमली. सुधारित पेन्शन योजना जाहीर झाली ती मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर!

माझा आक्षेप या निवडणुकीच्या मुहूर्तालाच आहे. आमच्या कोथरूडमध्ये घरटी एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई भेटतील. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आचारसंहितेची वाट पाहत नाहीत. कापलेली रक्कम वेळेवर खात्यात जमा व्हावी, दरवर्षी हिशेबाची पावती हाती पडावी आणि निवृत्तांच्या रुग्णालय खर्चाची तरतूद कायद्यानेच व्हावी. शासन निर्णय एका सहीने बदलतो, कायदा बदलायला विधिमंडळात चर्चा करावी लागते.

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे