तळ्यांची नगरी आणि एक पेला पाणी

नाताळ आटोपला, की आमच्या गावांतील तरुणांमध्ये सहलीचे बेत शिजू लागतात. अशीच एक मित्रमंडळी यंदा आमचा सल्ला विचारावयास आली. जैसलमेरला जाण्याचा त्यांचा मनोदय होता. पिवळ्या दगडाचा किल्ला, वाळूच्या टेकड्या, उंटावरची रपेट आणि ताटात दाल-बाटी व केर-सांगरी! बेत वाईट नव्हे. पाण्याचा दुष्काळ असलेल्या प्रदेशातील गृहिणींनी ताक, बेसन आणि वाळविलेल्या शेंगा एवढ्यावर जी पाककला उभी केली आहे, ती आमच्या पाणी-नारळाच्या मुलखातील गृहिणींनी एकदा चाखून पाहण्याजोगी आहे. परंतु सुट्टी चारच दिवसांची, आणि त्यातली अर्धी गाडीत जावयाची. म्हणून आम्ही दुसरेच नाव सुचविले: भोपाळ. रात्री कल्याणला गाडीत बसावे आणि सकाळी भोपाळास उतरावे. काही वर्षांमागे आम्ही चार शाळासोबती ऐन हिवाळ्यात तेथे राहून आलो, त्या अनुभवावरून हे लिहीत आहोत.

मराठी माणसाला भोपाळ अगदीच परके नाही. 1737 च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाच्या फौजेला याच ठिकाणी कोंडले. निजामाचा तोफखाना भारी होता. त्यावर चालून न जाता बाजीरावाने त्याची रसदच तोडली. आत धान्य मिळेनासे झाले, जनावरे उपाशी मरू लागली, आणि 1738 च्या जानेवारीत दोराहा येथे निजामाला माळवा सोडून 50 लाख रुपये कबूल करावे लागले. आज मात्र त्या शहरात उपाशी राहावयाचे म्हटले तरी कोणी राहू देत नाही.

सकाळी उठल्याबरोबर पोहे आणि जिलेबी. पोहे आपलेच, पण त्यांवर शेव आणि बारीक चिरलेला कांदा, पोटात बडीशेपेचा सुगंध, आणि शेजारी गरम जिलेबीचे वेटोळे. तिखट आणि गोड एकाच घासात कसे घ्यावयाचे, हा प्रश्न आमच्यापैकी एकाने पहिल्या दिवशी गंभीरपणे उपस्थित केला. तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्यांदा जिलेबी मागत होता. चहात तेथे चिमूटभर मीठ घालतात. ऐकावयास हे विचित्र वाटते, परंतु दाट दुधाच्या चहाची गोडी त्यामुळे अंगावर येत नाही. जुन्या शहरात, इब्राहिमपुऱ्याच्या बाजूस, चटोरी गली नावाची एक बोळवजा गल्ली आहे. संध्याकाळी तेथे निखाऱ्यांचा धूर दाटतो. दही, साय, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या यांत शिजविलेला कोंबडीचा रेझाला, आणि जाडसर कुटलेल्या मटणाचा फिलफोरा, हे दोन पदार्थ भोपाळचे खास. लाल मसाल्याच्या जोरावर वाढलेल्या आम्हांला हा पांढरा-हिरवा रस्सा प्रथम आजाऱ्याचे पथ्य वाटला. घास घेतल्यावर मिरचीने आमचा गैरसमज दूर केला. शुक्रवार उजाडला तेव्हा आमच्या मांस न खाणाऱ्या नेमस्त सोबत्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

ही खाद्यसंस्कृती नबाबी म्हणून ओळखली जाते. पण 1819 पासून 1926 पर्यंतच्या काळात या संस्थानाची सूत्रे बहुतांशी चार बेगमांच्या हाती होती, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान. त्यांनी मशिदी बांधल्या, तशा शाळाही काढल्या. सुलतानजहान बेगम तर 1920 साली अलिगढ विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

शहराचे सौंदर्य म्हणजे मोठा तलाव. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याने तो बांधविला, असे मानतात. ज्या कमला पार्कात लोक आज फिरावयास जातात, तो भाग म्हणजे जुना बांधच होय. नळाने घरोघरी जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आजही हा तलाव देतो. 2002 साली त्याची नोंद रामसर करारातील पाणथळ स्थळांत झाली. तलावाकाठच्या उतारावर भारत भवन आहे, 1982 साली उघडलेले. इमारत कोठे आहे ते प्रथम दिसतच नाही, कारण चार्ल्स कोरिया यांनी ती टेकडीत पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरविली आहे. दादरच्या पोर्तुगीज चर्चची नवी वास्तू रचणारे तेच हे कोरिया. सांची आणि भीमबेटका दोन्ही पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. एकेक दिवस द्यावा. भीमबेटकाच्या चित्रगुहा 1957 साली जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे आपल्यापैकीच.

चौथ्या दिवशी आम्हां मित्रांत वाद झाला. उत्तरेकडील बंद पडलेला युनियन कार्बाइडचा कारखाना पाहावयास जावे की नाही? एकाचे म्हणणे असे, की आपण सुखासाठी आलो आहोत, दुसऱ्याच्या स्मशानात हिंडण्यासाठी नव्हे. त्याचे म्हणणे हलके नव्हते. लोकांच्या दुःखाची छायाचित्रे काढीत फिरणे हे आम्हांलाही अशोभनीय वाटते. परंतु ज्या घरी चार दिवस जेवलो, त्या घरातील मृताविषयी एक शब्दही न विचारता उठावे, हे त्याहून वाईट, असे आमचे मत पडले. तो सोबती शेवटी आला, पण कॅमेरा खोलीवर ठेवून.

1984 च्या डिसेंबरात, 2 आणि 3 तारखांमधील रात्री, त्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. पाच लाखांहून अधिक माणसे त्याच्या तावडीत सापडली. तात्काळ मृतांचा सरकारी आकडा 2,259. पुढील मोजदादी त्याहून कितीतरी मोठ्या आहेत. वायू रेल्वे स्थानकापर्यंत पोचला तेव्हा उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी प्रवाशांनी भरलेली एक गाडी स्वतःच्या जबाबदारीवर वेळेआधी सोडून दिली, आणि ते स्वतः फलाटावर राहिले. 1989 साली कंपनीशी 47 कोटी डॉलरांवर तडजोड झाली.

वायू वाऱ्याने गेला. परंतु त्याच्या आधीपासून आवारात पुरलेला आणि बाहेरच्या तळ्यांत सोडलेला कचरा जमिनीत मुरला. आसपासच्या वस्त्यांतील हापशांचे पाणी बिघडले. त्या वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2004 साली द्यावा लागला. म्हणजे दुर्घटनेला तेव्हा वीस वर्षे होत आली होती, आणि मोठा तलाव काही तासांच्या नव्हे, काही मिनिटांच्या प्रवासावर होता! वाळवंटातील माणसाला निदान पाणी नाही हे ठाऊक असते. येथे पाणी होते, दिसावयास स्वच्छ होते, आणि लेकरांना पाजावयाचे नव्हते. गोदामात साठविलेला 337 टन कचरा 2025 च्या जानेवारीत पिथमपूरला नेण्यात आला आणि त्याच वर्षी जाळण्यात आला. जमिनीत मुरलेले विष मात्र तेथेच आहे.

परवानगीवाचून आत जाता येत नाही. भिंतीसमोर रस्त्यालगत एका मातेचा पुतळा आहे. एका हाताने तिने आपला चेहरा झाकला आहे, आणि कडेवर मूल. डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी तो 1985 साली घडविला. आम्ही तेथे उभे राहिलो. कोणी काही बोलले नाही. ऊन चढले होते. जवळच्या वस्तीतील एका वयस्कर बाईंनी दारातून हाक मारून आम्हांला ओसरीवर बसविले आणि चार पेले पाणी आणले. आमच्या मित्राने पेला हाती घेतला, आणि क्षणभर तो तसाच धरून राहिला. बाईंच्या ते ध्यानात आले.

"नळाचे आहे, भैया," त्या हसून म्हणाल्या. "आता नळाचे येते."

त्याने पेला रिकामा केला आणि आणखी मागितला. मग बाईंनी आमचे गाव विचारले, घरी कोण कोण आहेत ते विचारले, आणि चहाला आधण ठेवले.