‘एवढ्याशा पैशांत’

‘इंक’ या चित्रपटाविषयी बोलताना जाणकार मंडळी जे वाक्य सर्वांत आधी उच्चारतात, त्याला आमची हरकत आहे. ते वाक्य असे: ‘एवढ्याशा पैशांत केवढे केले आहे!’ वाक्य कौतुकाचे आहे, हेतूही चांगला आहे; आणि तरीही त्यातून चित्रपटाची उपेक्षाच होते. गरीब घरच्या मुलाला चांगले गुण मिळाले की त्याने उत्तरपत्रिकेत काय लिहिले आहे हे न वाचताच आपण त्याची पाठ थोपटतो. त्यातलाच हा प्रकार आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. जेमिन वायनन्स यांनी हा चित्रपट अमेरिकेतील डेन्व्हर शहरात सुमारे २,५०,००० डॉलर खर्चून केला. लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि संगीत त्यांचेच. निर्मितीची आणि ध्वनीची बाजू पत्नी किओवा यांनी सांभाळली. २००९च्या आरंभी सांता बार्बराच्या महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. मोठा वितरक मिळाला नाही, तेव्हा नोव्हेंबरात या दांपत्याने तो स्वतःच डीव्हीडीवर आणला. लगोलग त्याच्या चोरट्या प्रती महाजालावर पसरल्या आणि आठवडाभरात सुमारे ४,००,००० वेळा तो उतरवून घेतला गेला. वायनन्स दांपत्याने कांगावा केला नाही; लोक पाहताहेत यातच आनंद मानला.

कथा थोडक्यात अशी. रात्री शहर झोपले की झोपलेल्यांच्या उशाशी दोन जमाती येतात. कथेकरी चांगली स्वप्ने देतात, इन्क्युबाय दुःस्वप्ने पेरतात. एके रात्री इंक नावाचा एक कुबडा, चिंध्या पांघरलेला भटक्या एमा या चिमुरडीचा आत्मा पळवून नेतो. इन्क्युबायच्या जमातीत प्रवेश हवा, त्याचे मोल म्हणून. एमाचे शरीर रुग्णालयात निश्चल पडून राहते आणि तिचा दुरावलेला बाप जॉन आपल्या कचेरीतल्या व्यवहारात बुडालेला असतो. इंक मुळात कोण, हे आम्ही येथे सांगणार नाही.

आता प्रतिमांकडे पाहू. इन्क्युबायच्या चेहऱ्यासमोर एक काचेचा पडदा आहे. त्यामागे त्यांचे हसू झगझगीत आणि खोटे दिसते. ही युक्ती स्वस्त आहे, हे खरे. पण ती निवडली गेली ती स्वस्त म्हणून नव्हे. माणसाच्या मनात लाज आणि अहंता पेरणारी ही जमात आहे, आणि खरा चेहरा झाकून उजळ मुखवटा पुढे करणे हाच तिचा धर्म आहे. किंवा एमाच्या घरातली मारामारी घ्या. झटापटीत सामान फुटते आणि पाहता पाहता पुन्हा सांधले जाते. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटाने येथे भिंती पाडल्या असत्या. ‘इंक’ला त्या पडलेल्या नकोच आहेत, कारण झोपलेल्या माणसासाठी रात्री जे युद्ध होते त्याची खूण सकाळी उरत नाही, हाच या कथेचा आशय आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग याहूनही साधा आहे. डोळ्यांवर पट्ट्या चिकटवलेला जेकब हा आंधळा वाटाड्या भर रस्त्यात उभा राहतो, जगाचा ठेका मोजतो आणि एका क्षुल्लक गोष्टीला धक्का देतो. तिच्यामुळे दुसरी घडते, दुसरीमुळे तिसरी, आणि ही साखळी जॉनच्या मोटारीच्या अपघातापाशी येऊन थांबते. येथे ना राक्षस आहे, ना संगणकावर रंगवलेले आकाश. रस्ता, माणसे आणि मोटारी एवढीच सामग्री आहे. अद्भुत आहे ते दोन दृश्यांच्या सांध्यात. संकलक आणि संगीतकार एकच असल्याने तो ठेका चित्राच्या आत शिरला आहे. हा हिशेब पैशांचा नाही, विचाराचा आहे.

आमचा दुसरा आक्षेप ‘थेट डीव्हीडीवर आलेला’ या शेऱ्यालाही आहे. चित्रगृह मिळाले नाही म्हणजे पंगतीत पाट मिळाला नाही, अशी ही समजूत. वास्तविक ‘इंक’ पुस्तकासारखा रचलेला आहे. आरंभीचा अपघात शेवट कळल्यावरच कळतो, आणि मग मागची पाने उलटावीशी वाटतात. अशा कृतीला घरचा पडदा हा कनिष्ठ दर्जा नव्हे. तो तिच्या वाचनाचा स्वाभाविक मार्ग आहे.

चित्रपट निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. काही अभिनय कच्चा आहे, हाणामाऱ्यांत कॅमेरा नको इतका थरथरतो, पैशामागे धावणारा बाप ही कल्पनाही जुनीच. पण हे दोषसुद्धा ‘एवढ्याशा पैशांत’ या सबबीखाली माफ होऊ नयेत. जो दोष दाखवायला आपण कचरतो, त्या कृतीला आपण बरोबरीची मानलेले नसते. पैसा नसला की प्रतिभा फुलते, असाही आमचा दावा नाही. दारिद्र्याचे गोडवे सहसा पोट भरलेलेच गातात.

हा वाद आम्ही मराठीत का घालतो आहोत? कारण याच वाक्याची दुसरी बाजू आपल्याकडे रोज ऐकू येते: ‘मराठीत अद्भुत शक्य नाही, तेवढा पैसा कुठे आहे?’ दोन्ही वाक्यांचे गृहीतक एकच: कल्पकता ही खर्चाची बाब आहे. २००९ सालच्या दराने ‘इंक’चा खर्च सव्वा कोट रुपयांच्या आसपास जातो. लहान रक्कम नव्हे, पण गंधर्वनगरीतलीही नव्हे. त्याच २००९मध्ये फाळक्यांवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला आणि आपण टाळ्या वाजवल्या. ज्यांच्यासाठी त्या वाजवल्या त्या फाळक्यांनी १९१२मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून सावकाराला पटवले होते. फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजली. आपल्या चित्रपटाचा जन्मच घरच्या माणसांनी केलेल्या अद्भुतातून झाला आहे. त्या वारशाला हार घालायचे आणि त्याचा मार्ग मात्र परवडत नाही म्हणायचे, हे कसे?

यात नुकसान होते ते विशीतल्या मुलांचे. वर्गात कुणी अद्भुत कथा लिहून आणतो आणि आपण तोंड उघडण्याआधीच स्वतः म्हणतो, ‘सर, हे पडद्यावर परवडणार नाही.’ तो निर्माता नाही, त्याच्याकडे कुणी अंदाजपत्रक मागितलेले नाही. आपणच ते त्याच्या डोक्यात भरवले आहे. त्याला आमचे एवढेच सांगणे आहे: किती पैसे लागतील हे नंतर पाहू, तुझ्या राक्षसाच्या चेहऱ्यासमोर काच का आहे, ते आधी सांग.