'डिस्कस अबाउट'ला हसणाऱ्यांनो

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, 'वी विल डिस्कस अबाउट धिस टुमारो.' समोरच्या दोघांची नजरानजर होते, दोघंही किंचित हसतात. बोलणाऱ्याला ते दिसतं आणि पुढचा अर्धा तास तो गप्प बसतो. त्याच्याकडे सांगण्यासारखं काय होतं, ते आता कुणाला कळणार नाही.

हा लेख त्या दोघांसाठी आहे. गप्प बसलेल्यासाठीही आहे, पण आधी त्या दोघांसाठी.

तुम्ही हसलात, कारण 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही. मान्य, येत नाही. आता का येत नाही ते सांगा. इंग्रजी शिकवणाऱ्या रील्समध्ये याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं: 'डिस्कस' म्हणजेच 'टॉक अबाउट', त्यातच 'अबाउट' आलं, मग पुन्हा कशाला? ऐकायला छान वाटतं. पण मग 'डिस्कशन' या नामातही ते 'अबाउट' आलेलंच असायला हवं. तरी 'डिस्कशन अबाउट द बजेट' अगदी शुद्ध इंग्रजी आहे. क्रियापदात जे फालतू ठरतं ते नामापुढे चालतं, याचं कारण त्या रीलमध्ये सापडत नाही.

आता आपल्याकडच्या प्रसिद्ध 'चुका' ओळीनं मांडून बघा. 'रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' चूक, पण 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर. 'एम्फसाइझ ऑन' चूक, 'एम्फसिस ऑन' बरोबर. 'डिमांडेड फॉर अ रीफंड' चूक, 'अ डिमांड फॉर अ रीफंड' बरोबर. 'अटॅक्ड ऑन हिम' चूक, 'ॲन अटॅक ऑन हिम' बरोबर. 'ऑर्डर्ड फॉर टू पिझ्झाज' चूक, 'ॲन ऑर्डर फॉर टू पिझ्झाज' बरोबर.

दिसतंय का? इंग्रजीत एका नामाला दुसऱ्या नामाशी जोडायला मध्ये 'ऑफ', 'फॉर', 'टू', 'ऑन' असा एखादा दुवा लागतो. बोलणाऱ्याला तो दुवा अचूक माहीत आहे. त्यानं फक्त नामाचा दुवा त्याच्या जुळ्या क्रियापदालाही लावला. म्हणजे एका ठिकाणी शिकलेला नियम दुसरीकडे वापरून पाहिला. लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं तेव्हा ते हेच करत असतं, आणि आपण त्याचा पापा घेतो. सगळ्याच चुका अशा नसतात. 'कोप अप विथ'मधला 'अप' या हिशेबात बसत नाही. पण ज्यांच्यावर सर्वांत जास्त हसलं जातं त्यातल्या बऱ्याच बसतात.

मराठी माणसाची इथे खरी अडचण काय आहे, तेही बघू. शाळेत आपण घोकलंय: षष्ठी, चा, ची, चे. आपल्या भाषेत दोन नामं जोडण्याचा बहुतेक भार एकट्या षष्ठीच्या खांद्यावर आहे. दाराची किल्ली, दाराचा रंग, दाराचं कुलूप. लिंग बदललं की प्रत्ययाचं रूप बदलतं, पण प्रत्यय तोच. इंग्रजीत याच तीन जोड्यांना तीन वेगळे दुवे लागतात: 'की टू द डोअर', 'कलर ऑफ द डोअर', 'लॉक ऑन द डोअर'. त्यात आपण शिकलेलो असतो 'ऑफ म्हणजे चा'. मग मुलगा 'की ऑफ द डोअर' लिहितो आणि त्यावर लाल रेघ येते. त्याचं काय चुकलं? त्याला जे समीकरण दिलं, ते त्यानं इमानदारीनं वापरलं.

बरं, 'ऑफ' नाही तर नेमकं काय, हे तर्कानं सांगता येतं का? 'विलंबाचं कारण' घ्या. 'रीझन' म्हणायचं असेल तर 'रीझन फॉर द डिले'. 'कॉज' म्हणायचं असेल तर 'कॉज ऑफ द डिले'. कारण तेच, विलंब तोच, दुवा वेगळा. हा दुवा अर्थ बघून निवडलेला नाही, तो त्या त्या नामाला चिकटलेला आहे. जुन्या इंग्रजीतही आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि त्यांचं काम या छोट्या शब्दांवर येऊन पडलं. आज नातं दाखवणारा 'ऑफ' मुळात 'पासून, दूर' असं सांगणारा शब्द होता. स्विच बंद करताना आपण म्हणतो तो 'ऑफ' त्याचाच सख्खा भाऊ. अशा इतिहासातून आलेल्या वस्तूत तर्क शोधणं म्हणजे खुर्ची स्त्रीलिंगी आणि पलंग पुल्लिंगी का, असं विचारणं.

आणि हे विचारणारे लोक आपल्याला भेटतात ना! बाहेरून आलेली मैत्रीण 'माझा खुर्ची' म्हणते, 'घरावर'ऐवजी 'घर वर' म्हणते. आपण म्हणतो, 'अय्या, किती गोड मराठी बोलतेस!' ती खुर्चीचं लिंग चुकली म्हणून तिच्या बुद्धीवर कुणी शंका घेत नाही. परभणीचा मुलगा 'ऑन' आणि 'इन'मध्ये चुकला की त्याचं शिक्षण, त्याचं गाव, त्याच्या शाळेचं माध्यम, सगळं एका क्षणात मोजून होतं. चूक दोघांचीही एकाच जातीची, पण वागणूक वेगळी.

'पण नियम म्हणजे नियम,' असं म्हणाल, तर ज्यांची ही भाषा आहे त्यांच्याकडे बघा. ब्रिटिश माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. 'डिफरंट'च्या पुढे 'फ्रॉम', 'टू' आणि 'दॅन' हे तिन्ही इंग्रजांच्या-अमेरिकनांच्या तोंडी सापडतात. ब्रिटिश लोक निर्णयाच्या 'अगेन्स्ट' प्रोटेस्ट करतात, तर अमेरिकन वर्तमानपत्रं 'अगेन्स्ट' गाळून सरळ निर्णयच 'प्रोटेस्ट' करतात. आणि 'मीट विथ द मॅनेजर'? 'मीट'ला 'विथ'ची गरज काय? पण अमेरिकन सर्रास म्हणतात. त्यांनी क्रियापदाला एक जास्तीचा दुवा जोडला तर ती 'अमेरिकन शैली' होते, आपण जोडला तर 'इंडियनिझम'. मुलाखतीत हसणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

म्हणजे काहीही बोललं तरी चालतं का? नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की जिथे हे छोटे शब्द खरोखर महत्त्वाचे आहेत, तिथे आपण ते शिकवतच नाही.

'तक्रार'च घ्या. 'अधिकाऱ्याची तक्रार' असं मराठीत म्हटलं तर अधिकाऱ्यानं केलेली की अधिकाऱ्याविषयी केलेली, हे संदर्भावरूनच कळतं. इंग्रजीत मात्र 'कम्प्लेंट फ्रॉम द ऑफिसर' म्हणजे तक्रार करणारा तो, 'कम्प्लेंट टू द ऑफिसर' म्हणजे ती ऐकणारा तो, आणि 'कम्प्लेंट अगेन्स्ट द ऑफिसर' म्हणजे आरोपी तो. अर्जात हा एक शब्द चुकला तर फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल होईल. 'क्लेम फॉर' म्हणजे कशासाठी दावा, 'क्लेम अगेन्स्ट' म्हणजे कुणाविरुद्ध, 'क्लेम ऑन' म्हणजे कशावर. नोकरी, विमा, कोर्ट, पोलीस ठाणे, सगळीकडे हे लागतं. 'डिस्कस अबाउट' म्हटल्यानं आजवर कुणाचा गैरसमज झालेला मी पाहिलेला नाही.

शाळेत काय चालतं? खोक्यात चेंडू, खोक्यावर चेंडू, खोक्याखाली चेंडू. मग रिकाम्या जागा भरा: 'द बुक इज डॅश द टेबल.' हे पुस्तक वर्षानुवर्षं त्याच टेबलावर पडून आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावी झालेल्या मुलाला 'इन्क्रीज इन', 'बॅन ऑन', 'ॲक्सेस टू', 'शॉर्टेज ऑफ' यातलं काहीच नामासोबत शिकवलेलं नसतं. 'ॲक्सेस'मध्ये खोकं कुठे आहे आणि चेंडू कुठे?

आता गप्प बसलेल्या मित्रासाठी. याद्या पाठ करू नकोस. मराठीत आपण 'ती खुर्ची', 'तो पलंग' असं लिंगासकटच नाम शिकतो, तसं इंग्रजी नाम त्याच्या दुव्यासकट उचल. वहीत 'सोल्युशन' लिहू नकोस, 'सोल्युशन टू' लिही. रोज मोबाइलवर इंग्रजी बातम्यांचे चार मथळे वाच आणि त्यातल्या नामांच्या मधला शब्द बघ. कांदा निर्यातीवर बंदी: 'बॅन ऑन', आपलं 'वर' आणि त्यांचं 'ऑन' इथे जुळलं. दरात वाढ: 'हाइक इन', हेही जुळलं. पाण्याचा तुटवडा: 'शॉर्टेज ऑफ', जुळलं. आरक्षणाची मागणी: 'डिमांड फॉर'. इथे फसायला होतं, म्हणून हे एकच लक्षात ठेव. जुळतं ते आपोआप येईल, मेहनत फक्त न जुळणाऱ्यावर कर.

आणि पुढच्या मीटिंगमध्ये बोल. 'अबाउट' चुकून आलंच तर येऊ दे, वाक्य पूर्ण कर. कुणी हसलं तर त्याला शांतपणे विचार: 'डिस्कशन'ला चालतं ते 'डिस्कस'ला का चालत नाही? उत्तर आलं तर आपण शिकू. नाही आलं, तर मूळ मुद्द्यावर चर्चा पुढे चालू करा.