पेन्शन आजीच्या नावावर, खर्च कोणाच्या मर्जीने?

२०२३ ते २०२५ या काळात अनेक राज्यांनी वृद्धापकाळाची पेन्शन वाढवली. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून ३,००० ऐवजी ४,००० रुपये मिळू लागले. बिहारने जुलै २०२५ पासून ४०० रुपयांची पेन्शन १,१०० वर नेली आणि केरळने नोव्हेंबर २०२५ पासून १,६०० चे २,००० केले.

रक्कम वाढल्याची बातमी आली की घरात हिशेब सुरू होतो. नातवाची शाळेची फी, मुलाच्या गाडीचा हप्ता, सुनेचा दवाखाना. ज्यांच्या नावावर पैसे आले त्यांचा चष्मा, दातांची कवळी किंवा गुडघ्याचा पट्टा या यादीत बहुतेक वेळा शेवटी असतो. म्हातारपणी मिळणारा पैसा स्वतःसाठी वापरावा की घराला द्यावा? योजना आणि कायदा याबद्दल काय सांगतात आणि निर्णय घेताना काय तपासावे, ते या लेखात पाहू.

योजनेचा नियम काय आहे?

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू केला. तेव्हा वृद्धांसाठी केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. आज ही योजना इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना या नावाने चालते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीसाठी केंद्र दरमहा २०० रुपये देते आणि ८० वर्षांपासून पुढे ५०० रुपये. केंद्राचा हा वाटा अनेक वर्षांत वाढलेला नाही. बाकीची भर राज्य घालते, म्हणून राज्यागणिक रक्कम बदलते.

पात्रतेत वय आणि गरिबी पाहिली जाते. पैसे मिळाल्यानंतर ते कशावर खर्च केले हे कोणी विचारत नाही आणि बिल मागत नाही. नातीला दप्तर घेतले म्हणून पेन्शन बंद होत नाही आणि सगळे पैसे स्वतःच्या औषधावर घातले तरी कोणी आक्षेप घेऊ शकत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. मंजुरीच्या आदेशात नाव एका व्यक्तीचे असते. उत्पन्न तपासताना कुटुंब पाहिले जात असले, तरी लाभार्थी कुटुंब नसून ती व्यक्ती आहे. त्यामुळे पैसे घरात द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. बाकीच्यांनी सुचवावे, मागावे, पण ठरवू नये.

देण्यात चूक नाही

घराला मदत करणे म्हणजे लुबाडले जाणे, असे समजू नये. एका चुलीवर जेवणाऱ्या घरात "माझे" आणि "तुमचे" पैसे वेगळे ठेवणे सोपे नसते. आजी-आजोबा घराला आधीपासूनच देत असतात. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर प्रत्येक माणसामागे ५ किलो धान्य मिळते. त्यात आजीचेही ५ किलो येतात आणि ते सगळ्यांच्या ताटात जातात. नातवंडे सांभाळणे, दळण आणणे, घर राखणे या कामांचा पगार कोणी मोजत नाही.

वृद्धांचा पैसा घरातल्या मुलांपर्यंत पोहोचतो, याचा पुरावाही आहे. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेतील वृद्धापकाळ पेन्शनचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पेन्शन आजीला मिळत असेल, तर तिच्या घरातील नातींचे पोषण सुधारलेले दिसले. पेन्शन आजोबांना मिळत असेल, तर तसा परिणाम आढळला नाही. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

म्हणजे आजीने नातीसाठी खर्च केला तर तो पैसा वाया जात नाही. अडचण वेगळीच आहे. घराच्या गरजा समोर दिसतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या दिसत नाहीत. फी भरायची तारीख असते. मोतीबिंदू तपासायला तारीख नसते. कमी ऐकू येते, कमी दिसते, गुडघा दुखतो, यावर "वयच झाले आता" एवढे उत्तर मिळते. पुढे बाथरूममध्ये पाय घसरून हाड मोडले की खर्च आणि सेवा दोन्ही त्याच घरावर येतात. वेळेवर घेतलेली काठी आणि चष्मा या घराच्याही बचतीच्या वस्तू आहेत.

आधी कशाला पैसे ठेवायचे?

समजा, दरमहा १,५०० रुपये येतात. त्यातले आधी बाजूला काढावेत ते अशा खर्चासाठी, जो दुसरी कोणतीही योजना उचलत नाही. तो ओळखायला कोणत्या योजना काय देतात ते माहीत हवे.

दवाखान्यात भरती होण्याचा खर्च: ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात मोफत होतात. कुटुंबाकडे आधीच आयुष्मान कार्ड असेल, तर ७० वर्षांवरील सदस्यांसाठी हे ५ लाख वेगळे मिळतात आणि ते घरातील लहान वयाच्या सदस्यांना वापरता येत नाहीत.

रोजच्या गोळ्या: वरील कार्ड भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाब, मधुमेह यांच्या दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्यात येत नाही. त्या सरकारी दवाखान्यात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत मिळतात का ते आधी पाहा. तिथे नसतील तर जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. तेही जमले नाही, तर पेन्शनमधला पहिला खर्च हाच धरावा.

काठी, चष्मा, श्रवणयंत्र: २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अशी साधने शिबिरातून मोफत दिली जातात. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. तिच्यात ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात. हे पैसे साधन घेण्यासाठीच आहेत आणि खरेदीचे बिल द्यावे लागते. ते किराणा किंवा फीमध्ये वळवता येत नाहीत.

इथे दोन प्रकारचे लाभ दिसतात. पेन्शन रोख असते, म्हणून ती वाटली जाते. कार्ड आणि साधन त्या व्यक्तीपुरतेच असते, म्हणून ते तिच्याकडेच राहते. रोख रकमेवर घराचा ताण जास्त असेल, तर वाटता न येणारे लाभ आधी घ्यावेत. त्याने पेन्शनमधले काही पैसे मोकळे होतात आणि ते द्यायचे की ठेवायचे हे शांतपणे ठरवता येते.

या योजनांमध्ये न बसणारा खर्चही असतो. दवाखान्यात जायचे एसटीचे किंवा रिक्षाचे भाडे, मोबाइलचे रिचार्ज, थंडीची शाल, बहिणीकडे दोन दिवस जायचे तिकीट, वारीचे किंवा यात्रेचे पैसे. यातले काही चैनीचे वाटेल. पण स्वतःच्या पैशाने चहा पाजता येणे, नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता येणे, यालाही किंमत आहे. त्यासाठी लाज वाटण्याचे कारण नाही.

पासबुक कोणाकडे आहे?

पैसे कसे येतात यावर ते कोणाच्या हातात राहतात हे बरेचसे ठरते. आंध्र प्रदेशात महिन्याच्या पहिल्या तारखेला सरकारी कर्मचारी घरी येऊन पेन्शन हातात देतात. महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांत ती थेट बँक खात्यात जमा होते. खात्यात जमा झाल्याने मधला दलाल गेला, हा मोठा फायदा आहे. पण ज्यांना बँकेपर्यंत चालवत नाही, स्लिप भरता येत नाही, त्यांना पैसे काढायला कोणाची तरी मदत लागतेच. हळूहळू पासबुक, एटीएम कार्ड आणि पिन मदत करणाऱ्याकडे राहतो. मग पेन्शन किती आली आणि कधी आली, हेही आजीला कळत नाही.

यावर काही साधे उपाय आहेत:

– पासबुक स्वतःजवळ ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी नोंदी भरून घ्या.
– खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमचा असावा. मुलाचा असेल तर आलेला मेसेज त्याला वाचून दाखवायला सांगा.
– पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नका, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही.
– अंगठा लावून पैसे काढताना मशीनवर रक्कम किती टाकली ते विचारा, पावती घ्या आणि पैसे तिथेच मोजा.
– इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन आधारवर पैसे काढून देतो. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना केली आहे. तुमच्या शाखेत ती मिळते का आणि शुल्क किती, ते विचारा.
– वारस नोंद म्हणजे नॉमिनेशन करून ठेवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनीचा संबंध तुमच्या पश्चात येतो. तुम्ही हयात असताना त्याला पैसे काढण्याचा अधिकार नसतो.

घर आणि जमीन देताना

महिन्याचे हजार-पाचशे देऊन चूक झाली तर पुढच्या महिन्यात सुधारता येते. घर किंवा जमीन देताना तसे नसते. नोंदणी झालेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. म्हणून घाई असेल तिथे आधी मृत्युपत्राचा विचार करावा.

बक्षीसपत्रच करायचे असेल, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यातील कलम २३ माहीत हवे. देणाऱ्याच्या मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर असा व्यवहार न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. अट होती हे मात्र दिसले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असणे आवश्यक असल्याचे सांगितले. २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि घराचा ताबा आईला परत देण्यास सांगितले. तिथे सांभाळ करण्याचे लेखी वचन मुलाने दिल्याचे आईचे म्हणणे होते. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. तोंडी विश्वासावर राहू नका. "देणाऱ्याचे अन्न, निवारा, औषधोपचार घेणारा पाहील" ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या.

पेन्शन मिळते, म्हणून मुलांची जबाबदारी संपते का?

नाही. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह होत नसेल, तर याच कायद्याखाली सज्ञान मुलगा, मुलगी किंवा नातवंडांकडून निर्वाह भत्ता मागता येतो. अपत्य नसेल, तर ज्याला वारसाने मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून मागता येतो. केंद्राच्या कायद्यानुसार कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. महाराष्ट्रात हे काम उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्याकडे आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. अपवादात्मक स्थितीत त्यात आणखी ३० दिवस वाढवता येतात. स्वतः जाता येत नसेल, तर तुम्ही नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. महिलांना तालुका विधी सेवा समितीकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मुलांविरुद्ध अर्ज करणे बहुतेकांना नको वाटते आणि ते समजण्यासारखे आहे. पण हा हक्क आहे एवढे घरात माहीत असले, तरी बोलण्याचा सूर बदलतो.

हा लेख घरातील मुलगा, सून किंवा नातू वाचून दाखवत असेल, तर एक विनंती. पुढची पेन्शन जमा होईल त्या दिवशी आकडा मोठ्याने सांगा आणि विचारा, "यातले तुम्हाला काय हवे आहे?" उत्तर "मला काही नको" असे आले, तर एकदा चष्मा, गोळ्या आणि दात यांची नावे घेऊन पुन्हा विचारा. उरलेले पैसे त्यांनी खुशीने घराला दिले, तर ती मदत आहे. न विचारता घेतले, तर ती मदत नाही.

पैसे किंवा मालमत्ता जबरदस्तीने घेतली जात असेल, किंवा योजनेबद्दल माहिती हवी असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एल्डरलाइन १४५६७ या मोफत क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत फोन करा. पेन्शन थांबली असल्यास पासबुक आणि आधार कार्ड घेऊन तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत जा. इतर राज्यांत गटविकास कार्यालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.